आईच्या नथीसाठी टोचलेलं नाक

सेलू, जिल्हा वर्धा
होळीनंतरचा सोमवार, १९९८

तीर्थरूप लीलाताईस,

धाकट्या कोकिळेचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगात नाक मोजत नाहीत असं धरून चालते, कारण सध्या माझं नाक जमिनीलाच काय, पदरालासुद्धा टेकवायची सोय नाही. का, ते खाली येतंच आहे.)

तुझे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं तेल चोळतेस, की बाटली फडताळात ठेवून तिच्याकडे नुसती बघतेस? प्रेरणाला म्हणावं, लग्न ठरलेल्या मुलीने भर उन्हात रोहण्याहून आर्वीला चकरा मारू नयेत, नाहीतर मांडवात नवरदेव ओळखणार नाही. घरातला कापूस निघाला, की अजून पाहुण्यांना त्याच्यावरच झोपवायचा विचार आहे? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे पुंडलिकराव ठीक आहेत. किराणा दुकानात सकाळी जे बसतात ते जेवायलाच उठतात, त्यामुळे त्यांना काही होण्याची संधीच मिळत नाही. माझं मात्र नाक सोडून बाकी सगळं ठीक आहे.

तुझं पत्र पोचलं. प्रेरणाच्या कन्यादानाला आम्ही दोघांनी बसावं असं तू लिहिलंस, ते वाचून पुंडलिकरावांनी भर गिऱ्हाइकीत दुकानाची फळी ओढली. (जेवणाची वेळ नसताना फळी ओढली, असं आमच्याकडे सहसा होत नाही.) भाऊजी असते तर स्वतः बसले असते आणि मंत्र भरभर म्हणतो म्हणून भटजीशी भांडलेही असते. आठवण आली आणि डोळे भरले. पण त्याखाली तू लिहिलंस, की आईची नथ आता तुझ्या काही कामाची नाही, ती मी घालून बसावं; आणि माझं नाक टोचलेलंच नसल्यामुळे जमत नसेल, तर तू ती आर्वीच्या सोनाराकडे मोडून प्रेरणाच्या बांगड्यांत घालशील. ताई, हे मी दोनदा वाचलं. ज्या नथीसकट आई आपल्याला रागावायची, ती नथ मोडायची? (रागाने नाकपुडी फुगली की मोती हलायचे आणि आपल्याला हसू यायचं, मग आणखी मार.) पत्राची घडी घालायच्या आधीच मी ठरवलं, की या वयात का होईना, नाक टोचून घ्यायचं.

आता माझं नाक लहानपणी का टोचलं गेलं नाही, ते तुला माहीत आहे. सोनार घरी आला तेव्हा तू शहाण्यासारखी पाटावर बसलीस आणि मी कापसाच्या खोलीत शिरून गंजीत गळ्यापर्यंत पुरून घेतलं. मला शोधून काढेपर्यंत सोनाराला दुसऱ्या गावची बस गाठायची होती. म्हणून तुला गूळखोबरं आणि पुढे आईची नथ, आणि मला जन्मभर चापाची नथ. ती चापाची नथ काय चीज आहे ते जिने घातली तिलाच कळतं. यांच्या चुलतभावाच्या लग्नात मी वाकून वाढत होते, तर ती सुटून थेट व्याह्यांच्या कढीत पडली. व्याही सभ्य म्हणून त्यांनी वाटी तोंडाला लावण्याआधी आत पाहिलं. आईच्या नथीला चाप लावून घ्यावा असं तू म्हणशील, पण त्यासाठी तिची तार कापावी लागते, आणि ते मला मोडण्यासारखंच वाटतं.

तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाबाराव सोनार बसतात. वर्ध्याला पार्लरमध्ये आता बंदुकीने नाक टोचतात म्हणे, पण बंदूक हा शब्द ऐकूनच पुंडलिकरावांनी पाणी मागितलं (नाक माझं, तहान यांना), तेव्हा बाबारावच बरे. बाबारावांची एक पद्धत आहे. टोचायचा ठिपका ते स्वतः कधी लावत नाहीत, ज्याचा त्याने घरून लावून आणायचा. कितीही नीट टोचलं तरी बायका नंतर येऊन जरा वर हवं होतं, जरा खाली हवं होतं म्हणतात. आता ठिपका तुमचा, भोक आमचं, तक्रार घेतली जाणार नाही. मला पद्धत पसंत पडली. नथ अगदी आईसारखी बसायला हवी, म्हणून आम्ही भिंतीवरचा आईचा फोटो उतरवला. तो पुंडलिकरावांनी आरशाला टेकवून धरला, आणि मी एकदा फोटोत, एकदा आरशात बघत, फोटोत नथ ज्या बाजूला दिसते त्याच बाजूला, त्याच उंचीवर काजळाचा ठिपका दिला. यांनी चष्मा लावून तपासलं. "एकदम बरोबर. जशी फोटोत, तशी आरशात," म्हणाले. दुकानात माल तोलतानासुद्धा इतकी बारीक नजर ठेवत नाहीत.

बाबारावांकडे माझ्या आधी एक पाच-सहा वर्षांची पोर आईच्या मांडीवर बसली होती. मोठी धीट पोर. मला म्हणाली, "काकू, तुम्ही आधी टोचा, मी पाह्यतो." (आपल्याकडच्या पोरी अशाच बोलतात, पाह्यतो.) बाबारावांनी ठिपका पाहून एकदाच विचारलं, "इकडेच ना, वहिनी?" मी तोंड उघडायच्या आत पुंडलिकराव म्हणाले, "फोटो पाहून लावला हाये, तुम्ही टोचा." त्यांनी सोन्याची टोकदार तार घेतली, आणि मग मी काय ओरडले ते मला आठवत नाही, पण पुंडलिकराव सांगतात की मी आईला नव्हे, तुला हाक मारली. डोळ्यातलं पाणी पुसून बघते तो ती धीट पोर रस्ता ओलांडून पळत होती आणि तिची आई तिच्या मागे. ती पोर मोठी होऊन चापाची नथ घालील आणि तिला माझंच नाव घ्यावं लागेल.

घरी आले तर शेजारच्या देवकाबाई कुंपणाशी उभ्याच. या बाईंच्या नजरेतून गल्लीतलं मांजरसुद्धा सुटत नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काऊन वो कोकिळाबाई, आईची नथ घालाची होती ना? मंग उजव्या नाकात काऊन टोचून आणलं?"

ताई, मी नाकाला हात लावला. उजवंच होतं. पाणीसुद्धा उजव्याच डोळ्यातून आलं होतं, तेव्हाच ओळखायला हवं होतं. पुन्हा फोटो उतरवला, पुन्हा आरसा घेतला, देवकाबाईंनाही आत घेतलं. तेव्हा उलगडलं ते असं, की फोटोतली आई आपल्याकडे तोंड करून बसली आहे, म्हणून तिचं डावं नाक आपल्या उजव्या हाताला दिसतं. आरशातली मी मात्र माझं उजवं माझ्या उजव्याच हाताला ठेवते. इतकी वर्षं रोज आरशात बघून कुंकू लावलं, पण कुंकू मधोमध असल्यामुळे हा प्रश्न कधी उद्भवला नव्हता. पुंडलिकराव अजून मान्य करायला तयार नाहीत. "फोटोवाल्यानंच उलटा काढला असन," असं गिऱ्हाइकांना सांगून राहिले आहेत. बाबारावांना विचारलं तर ते म्हणाले, "मले वाटलं तुमचं मूळ आंध्राकडचं असन, तिकडे उजवीकडेच टोचते." आणि आईची नथ डाव्या नाकाच्या वळणाची. उजव्यात घातली तर मोती सगळे नाकाखाली दडतात आणि मागचा तारेचा फासा तेवढा गालावर मिरवतो. म्हणजे एवढं ओरडून नथ घालायची राहिली ती राहिलीच.

तरी टोचलं आहे म्हटल्यावर ते जपणं आलं. कोमट मिठाच्या पाण्याने शेकायचं, खोबरेल लावायचं, हळद लावायची. हळदीसाठी पुंडलिकरावांनी दुकानातल्या पोत्यातली मूठभर आणली. मी म्हटलं, ही गिऱ्हाइकांची हळद गिऱ्हाइकांना द्या, माझ्या नाकाला घरातली वायगावची आणा. (यांनी आधी दुकानात कुणी ऐकलं नाही ना ते पाहिलं, मग आणली.) पण नशीब बघ. आपल्याकडे याच दिवसांत वर्षाचं तिखट कुटतात. देवकाबाईंच्या अंगणात बायका मिरच्या कुटायला बसल्या आणि वारा आमच्या बाजूला. नुकत्या टोचलेल्या नाकाने शिंकणं म्हणजे काय ते मी वर्णन करणार नाही. नाक धरावं तर दुखतं, सोडावं तर त्याहून दुखतं. त्यात पदराचा दोरा तारेत अडकला आणि मी पदरासकट नाक ओढलं. नाक सुजून तार आत रुतली. शेवटी बाबारावांनी तार काढली आणि देवकाबाईंनी कडुनिंबाची बारीक काडी सोलून, तेलात बुडवून भोकात घातली. तेव्हापासून काडीवर आहे. सूज उतरली. पण काडीचंही व्रतच आहे. रोज अंघोळीनंतर जुनी काढायची, नवी तासायची, तेल लावून घालायची. एक दिवस विसरले तर भोक इतकं आकसलं की काडी जाता जाईना. देवकाबाई म्हणाल्या, "भोकाचं असंच असते. ज्याले पाह्यजे त्यानं जपा लागते, नाई तर बुजून जाते."

बाबारावांना माझी दया आली आहे. सूज पूर्ण गेली की डावीकडेही टोचून देतो म्हणतात, लग्नाला अजून अवधी आहे, तोवर बरं होईल. मी साफ नाही म्हटलं. दोन्ही नाकपुड्यांत भोकं घेऊन फिरायला मी काही बैल नाही. तेव्हा माझ्याच्याने आईची नथ घालणं होणार नाही, एवढं समजून घे. बाकी कन्यादानाला आम्ही बसतो, तयारीलाही आधीच येते, पापडांचं माझ्यावर सोड.

प्रेरणाला आशीर्वाद. पुंडलिकरावांचा तुला नमस्कार. (ते म्हणतात, फोटोचा विषय पत्रात नको. म्हणून सविस्तर लिहिला.)

तुझी,
कोकिळा

ता. क. १. मी घालू शकत नाही म्हणून नथ मोडायची, असा अर्थ काढशील, म्हणून पुन्हा लिहिते. नथ मोडायची नाही. आर्वीच्या सोनाराला दाखवायचीसुद्धा नाही.

ता. क. २. डावीकडे टोचून घ्यायला नाही म्हणताना मी वर बैलाचं कारण लिहिलं आहे. दुखण्याची भीतीही आहेच. पण खरं कारण दुसरं. दिवाळीला रोहण्याला आले होते तेव्हा तू चुलीपुढे बसली होतीस आणि तुझ्या डाव्या नाकपुडीत कडुनिंबाची काडी होती. मला वाटलं पुळी-बिळी झाली असेल, मी विचारलं नाही. आता गेले कित्येक दिवस मी स्वतः रोज काडी तासते आहे, तेव्हा मला कळलं. भाऊजी गेल्यावर नथ डबीत गेली, पण भोक तू बुजू दिलं नाहीस. दोन वर्षं, कुणाला न सांगता, रोज नवी काडी. ताई, जिला नथ नकोच झाली ती इतकं जपत नाही. तेव्हा माझं मागणं एवढंच आहे. कन्यादानाला आम्ही बसू, पण तू मागे भांड्यांच्या खोलीत जाऊन बसायचं नाहीस. माझ्या डाव्या बाजूला उभं राहायचं, आणि आईची नथ तुझ्या नाकात हवी. भाऊजींना ती तुझ्यावर किती आवडायची ते मी पाहिलं आहे. लोकांची काळजी करू नकोस. मी बाबारावांकडून उजव्या नाकाची एक खोटी नथ बनवून घेते आहे, हातभर मोठी. सगळं रोहणा ती बघण्यात गुंतेल, तुझ्याकडे बोट दाखवायला कुणाला सवड राहणार नाही.

ता. क. ३. काडी काढल्यावर नथीची तार घालण्याआधी खोबरेल लाव. तू भोक नीट जपलं आहेस, अजिबात दुखणार नाही.