सतरा तासांचा गुरुवार

सोम. १० नोव्हें.
पेज दादाच्या तोंडात कमी, गळ्यावर जास्त. डॉक्टर म्हणाले घरीच राहू द्या. किती दिवस, ते बोलत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोहून प्रणितचा फोन. ‘काका, बाबांकडे कधी निघू? तुम्ही सांगा.’ त्याचं व्हिसाचं अडकलंय. आला तर परत कधी जाता येईल, कोणालाच ठाऊक नाही. सगळ्या जगाला ठाम उत्तरं देणारा मी, आधी त्याच्या जेवणाची चौकशी केली. मग म्हणालो, नीघ.
घाई केली का?

मंगळ. ११
बुधवारी रात्रीचं थेट विमान मिळालं. मोबाइलवर अंतर पाहिलं, साडेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास. जाताना पंधरा-सोळा तास, येताना सतराच्या वर. अंतर एकच, मग जाता-येता तास वेगळे का? प्रणित म्हणतो, वाऱ्यामुळे. असेल.
संध्याकाळी तुळिंजला टँकरविरोधी सभा. ओघात बोलून गेलो : ‘अमेरिकेतला मुलगा सतरा तासांत आईबापाच्या दारात येतो, आणि डोंगरापलीकडचं पाणी तुमच्या नळात येत नाही!’ टाळ्या. मी मात्र मनात तास मोजत होतो.
घरी येऊन दादाला छातीठोक सांगितलं, गुरुवारी दुपारी पोर दारात.
‘बेस. निवटे आना. पोरासंगती दोन घास खाईन.’

बुध. १२
निवटे आले, खाडीच्या चिखलातले जिवंत मासे. झाकणावर वजन ठेवलंय, तरी डब्यात उड्या मारतात. दादाने न्हाव्याला घरी बोलावून दाढी करून घेतली. पाणीही नको म्हणतो, ‘उद्या, पोर आल्यावं.’ गुरुवारच्या आधाराने टिकून आहे. वहिनींनाही ते दिसतंय.

गुरु. १३, सकाळ
वहिनींनी पहाटे उठून निवटे राखेत घोळून साफ केले, कालवण शिजायला टाकलं. मी विमानतळासाठी गाडी सांगून ठेवलेली. दहाला प्रणितचा मेसेज : ‘काका, आता बसतोय.’
आता?
फोन लावला. ‘अरे, तू काल रात्री बसणार होतास ना?’
‘काका, इथे अजून बुधवारची रात्रच आहे! तिकीट बघितलं नाही? शुक्रवारी पहाटे उतरणार.’
तिकीट पाहिलं होतं. त्यावरचा बुधवार मी आमचाच धरला. त्याचा बुधवार आमच्या गुरुवारात घुसलेला. मग माझा गुरुवार कुठे गेला? गाडी नको म्हणून कळवलं.

गुरु., संध्याकाळ
दुपारभर दादापाशी जायचं टाळलं. शेवटी वहिनी म्हणाल्या, ‘भावोजी, तुम्हीच सांगा. दिस तुम्ही दिलाव.’
सांगितलं. चुकलं म्हणालो.
दादाने मान माझ्याकडे वळवली. ‘सभा गाजवतोस न् एवढं नाय कललं तुला?’ ओठ जरा हसले. मग, ‘आता कुठं हाय?’
मोबाइलवर नकाशा धरला. निळ्या समुद्रावर छोटंसं विमान, हलतच नाही.
‘हे येतंय का जातंय?’
‘येतंय, दादा.’
‘नक्की?’
नकाशावर विमानाचं तोंड आपल्या उलट्या दिशेला होतं. पृथ्वी गोल, विमानवाल्यांना जवळची वाट म्हणे तिकडूनच पडते. कसं समजावू? नक्की म्हणालो.
डोळे मिटून पडलाय. श्वास मध्येच थांबतो, मग चालू होतो. चुलीवर कालवण तसंच. वहिनी विचारतात, थोडा रस यांच्या ओठाला लावू, की पोर येईपर्यंत ठेवू?
दोनदा विचारलं. वही मिटतो, वाटी आणायला उठतो.