यंदा शाल कोणाला?

रविवार, २४ ऑगस्ट

हरलो. सेमीफायनलमध्ये, तेही पुढे असताना! आमचे वॉम्बॅट्स ही आइस हॉकीची टीम नाही, माझं ब्लडप्रेशर वाढवायला कुणीतरी काढलेली संस्था आहे. बारा वर्षं मी हे का बघतो? घसा बसलाय. घरी येऊन चहा करायला गेलो, तर केटलमध्ये पाणीच घातलं नव्हतं.

सीझन संपला, म्हणजे माझं काम सुरू. शनिवारी क्लबची शेवटची पार्टी. क्लबचे अवॉर्ड्स झाले की पाच मिनिटं माझी – एका चाहत्याचे अवॉर्ड्स. सगळ्यात मोठा मान म्हणजे शाल आणि नारळ. चार वर्षांपूर्वी गंमत म्हणून सुरू केलं. सव्वासहा फुटी कॅनेडियन गडी खांद्यावर शाल घेऊन नारळ कानाशी हलवून बघतो, तेव्हा अख्खा हॉल टाळ्या वाजवतो. ऑफिसात मला कोणी ओळखत नाही, तिथे सगळे ‘श्री, मेट’ करतात.

बायको आज शेजारी नव्हती. चिन्मयी कालगुर्लीला गेलीय, नोकरीसाठी हॉस्पिटल बघायला. तिच्या सीटवर कोणीतरी जॅकेट टाकलं होतं. गोल झाला की मी डावीकडे वळायचो आणि त्या जॅकेटकडे बघायचो.

सोमवार, २५ ऑगस्ट

आली. नोकरी तिचीच आहे. पर्मनंट. पुढच्या सोमवारी सकाळपर्यंत कळवायचंय.

मी विचारलं, तिथे आहे काय? म्हणाली, सोन्याच्या खाणी, लाल माती आणि डॉक्टरांची वाट बघणारी माणसं. जवळचं मोठं शहर म्हणजे पर्थ, तेही विमानाने. आइस रिंक आहे का, असंही मी विचारून बसलो. काय गरज होती? ती बॅग उघडत होती, उघडायची थांबली.

मग शांतपणे बोलली, तेच जास्त लागतं. या देशात आल्यापासून ती नुसती कॉन्ट्रॅक्टवर. तीन महिने इथे, सहा महिने तिथे, एक अख्खं वर्ष टूवूंबात. मी इथे ग्लेन वेव्हर्लीच्या घरात आणि ती तिकडे, गाडीशिवाय हलता येत नाही अशा गावात एकटी. नर्सेसना तिचं नाव पाठ होईपर्यंत कॉन्ट्रॅक्ट संपतं.

“मला एकदा एका जागेची डॉक्टर व्हायचंय, श्री. तू येणार की नाही, एवढंच सांग.”

म्हटलं, शनिवारची पार्टी होऊ दे, मग बोलू. तिने टॉवेल उचलला. आंघोळीला गेली.

मंगळवार, २६ ऑगस्ट

जेवायच्या सुट्टीत यादी काढली. सर्वोत्कृष्ट मारामारी – वाद नाही, जूनमधली, दोघांचीही हेल्मेटं उडाली ती. सर्वोत्कृष्ट सबब – कॅप्टन, ‘बर्फ मऊ होता’. शाल अर्थातच कोलला. आमचा गोलकीपर, कॅनडाहून आलेला. हा नसता तर सेमीफायनल दूरच, आम्ही तळाला असतो.

यादी क्लबचं ऑफिस सांभाळणाऱ्या शॅरनला पाठवली. अर्ध्या तासात फोन! एवढी चाचरत बोलणारी ती बाई नाही. म्हणाली, वाईट वाटून घेऊ नकोस, पण कोलला शाल देऊ नकोस. का? तर ज्याला ज्याला मी शाल दिली तो पुढच्या सीझनला टीममध्ये दिसलाच नाही. एकाचा गुडघा गेला. एक स्वीडनला परतला तो परतलाच. तिसऱ्याने घर बांधायला घेतलं, चौथ्याला बायकोने खेळणं बंद करायला लावलं. ड्रेसिंग रूममध्ये माझ्या शालीला सगळे टरकून असतात म्हणे! कोलला इथेच राहायचंय, त्याची गर्लफ्रेंड इथली आहे. मला सांगायला तो लाजत होता.

मी आपला मान द्यायला जातो आणि हे मला पनवती समजतात. डोकंच फिरलं. संध्याकाळी चिन्मयीला सांगितलं तर पोट धरून हसली. मग म्हणाली, आपल्याकडे रिटायर होणाऱ्याला देतात तीच वस्तू तू चालू खेळाडूला देतोस, दुसरं काय होणार? बऱ्याच दिवसांनी हसली. मीही हसलो. मग कालगुर्ली आठवलं आणि ती ताटं घ्यायला उठली.

बुधवार, २७ ऑगस्ट

मॅनेजरला घाबरत घाबरत विचारलं – समजा, कालगुर्लीहून काम केलं तर? ‘नो वरीज, मेट.’ एक सेकंदही विचार केला नाही मेल्याने! आता कामाचं कारणही गेलं.

गुरुवार, २८ ऑगस्ट

भांडलो. म्हणजे मीच भांडलो. ती भाजी चिरत होती. मी म्हणालो, इथे आलो तेव्हा मला कुत्रं विचारत नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात फुकटच्या तिकिटावर रिंकला गेलो. शेजारच्या म्हाताऱ्याने गरम चिप्स पुढे केल्या, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की या शहरात आपलंही कोणी असू शकतं. ते सगळं सोडून खाणीच्या गावात मी काय करू? तुला वाटतं हा नुसता खेळ आहे!

“मला कधीच नुसता खेळ वाटला नाही,” ती म्हणाली. “म्हणून तर म्हणते, तू राहा. मी जाते. दोन वर्षं असं करून बघू. सीझन संपला की येत जा.”

‘हो, जा’ म्हणालो. म्हणजे सुटलो. दोघांचंही झालं. यापेक्षा चांगलं काय असणार?

मग मला जेवण का गेलं नाही? ओटा दोनदा पुसला. बिनमध्ये कचरा नसताना बिन बाहेर ठेवून आलो.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

यादी पुरी होत नाहीये. सर्वोत्कृष्ट सेव्ह कुठली ते आठवेना. मे महिन्यातली कोलची ती झेप – मी ती पाहिलीच नाही. चिन्मयीला चिप्सचा ठसका लागला होता आणि मी तिच्या पाठीत धपाटे घालत होतो. सर्वोत्कृष्ट गोल – तेव्हा ती थर्मासचं झाकण शोधायला सीटखाली वाकली होती आणि मी तिच्या डोक्यावरून हात पसरून ओरडत होतो, ‘उठू नकोस, उठू नकोस!’ पेनल्टी बॉक्सला ती अजून ‘ओणवं उभं करतात ती जागा’ म्हणते. अकरा वर्षांत ऑफसाइड तिला कळलेलं नाही. कळून घ्यायचंही नाही. तरी नाइट शिफ्ट करून आली तरी शालीत गुरफटून तिथे बसते, झोप लागली तर माझ्या खांद्यावर झोपते.

जिच्याशिवाय मी एकही मॅच धड आठवू शकत नाही, तिला मी ‘हो, जा’ म्हटलंय. वर स्वतःला सुटलो म्हणवून घेतो!

उठून बेडरूमच्या दारापर्यंत गेलो. ती व्हिडिओवर आईशी बोलत होती, ‘नाही, श्रीनाथ इथेच राहणार.’ परत आलो.

शनिवार, ३० ऑगस्ट

पार्टी झाली. चिन्मयीची शिफ्ट होती, एकटाच गेलो. मारामारीचं अवॉर्ड दिलं, सबबीचं दिलं, खूप हसले. शेवटी सांगितलं, यंदा शाल नाही, पुढच्या वर्षी सगळे मला इथेच हवे आहेत. कोलने एवढ्या जोरात मिठी मारली की बरगड्या दुखतायत.

निघताना शॅरनने पुढच्या सीझनच्या मेंबरशिपचं विचारलं. नेहमीच्याच दोन सीट्स ना? मी म्हणालो, एक. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “ओह, लव्ह. सगळं ठीक आहे ना?”

हो म्हणालो. गाडीत येऊन बसलो आणि रडलो. चाळिशीचा बाप्या, हॉकी क्लबच्या पार्किंगमध्ये! शाल आणि नारळ डिकीतच राहिले.

रविवार, ३१ ऑगस्ट

सकाळी डिकीतून शाल आणि नारळ काढून आणले. चिन्मयी लॅपटॉपवर पर्थचं तिकीट बघत बसली होती. शाल बघून दचकलीच. खुर्ची मागे सरकवली.

“मला नको हं, श्री. ज्याला घालतोस तो परत येत नाही.”

म्हटलं, तुला नाही, मला घाल. मान स्वतःच्या हाताने घेत नाहीत. आणि शॅरनला फोन केलाय, ती एक सीटही नको म्हणून.

तिने लॅपटॉप बाजूला सरकवला. मग उठली, माझ्या खांद्यावर शाल घातली, नारळ हातात दिला. परत खुर्चीत बसली, डोळे पुसले आणि स्क्रीनवर एकाचे दोन प्रवासी केले.