पापा लूना आणि आमची दुसरी पालखी

मी, सूर्यकांत भिकाजी कोंडसकर, वय चोपन्न, राहणार रास अल खैमा, मूळचा राजापूर तालुक्यातला, टाइल्सच्या कारखान्यात भट्टीचा फोरमन. येत्या बुधवारी माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे, कोणाची बळजबरी नाही, दारू गेल्या दिवाळीपासून बंद आहे. माझ्यामागे काय कोणाचं, ते स्वतःच्या हाताने लिहीत आहे. १९९७ साली केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. का, ते कलम तीनमध्ये आहे.

१. गावचं घर, हापूसची बाग आणि बँकेत असेल ते सगळं पत्नी सगुणा हिचं. ठेवावं की विकावं, तिची मर्जी. भावकीने न विचारता सल्ला देऊ नये.

२. मुलगी संजना हिला माझी टाइल्सच्या नमुन्यांची पेटी. मामेभाऊ रामेश्वर याला मनगटी घड्याळ. पालखीच्या भांडणात तो माझी बाजू सोडून गेला ते योग्यच केलं; पण तोंडावर सांगून जायला हवं होतं, एवढं मी अजून विसरलेलो नाही.

३. आता मानाबद्दल. गावच्या पालखीला पहिला खांदा आमच्या घराचा. वडील गेले त्या वर्षी, १९८६ च्या शिमग्याला, मला रजा मिळाली नाही. चुलतभाऊ तुकारामने खांदा दिला आणि पुढच्या वर्षी सोडला नाही. "तू तिकडे, मग पालखी थांबवायची काय?" असं त्याने चारचौघांत विचारलं. मी एकोणीस घरं फोडून माझ्या बाजूला आणली, देवाचे चांदीचे नवे मुखवटे घडवले आणि दुसरी पालखी काढली. एका गावात दोन शिमगे झाले. लग्नाची आमंत्रणं बंद झाली.

१९९६ साली कारखान्यात ग्लेझ, म्हणजे टाइलवरचा चकाकता लेप, शिकवायला विसेंत नावाचा स्पॅनिश माणूस आला. चहाच्या सुट्टीत त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "सूर्या, आमच्याकडे तुझ्यासारखा एक होऊन गेला." त्याच्या गावाजवळ समुद्रात घुसलेल्या खडकावर पेन्यीस्कोलाचा किल्ला आहे. सहाशे वर्षांपूर्वी एक पोप रोमला होता आणि दुसरा फ्रान्समध्ये आव्हिन्योंला. १३९४ साली आव्हिन्योंच्या गादीवर पेद्रो दे लूना बसला. विद्वान, स्वच्छ चालीचा माणूस. चर्च एक होणार असेल तर गादी सोडीन, अशी शपथ त्याने आधी घेतली होती. सोडली नाही. त्याच्या राजवाड्याला वेढा पडला, तो वेषांतर करून निसटला. दोन धर्मसभांनी त्याला पदच्युत केलं. ज्या साधूने गावोगाव त्याची बाजू मांडली होती, तोही उलटला. म्हातारा त्या किल्ल्यात जाऊन बसला आणि म्हणाला, खरा पोप मीच. तिथले लोक त्याला आजही मायेने पापा लूना म्हणतात.

माझी छाती फुगली. १९९७ च्या रजेत घरी जाऊन ते मृत्युपत्र केलं: माझ्यामागे मुलगा सुदेश याने दुसरी पालखी चालवावी.

१९९९ च्या सुरुवातीला विसेंत परत गेला. विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा विचारलं, "तुझ्या पापाचं शेवटी काय झालं?"

"नव्वदी ओलांडून मेला. मरायच्या आधी त्याने चार कार्डिनल नेमले. त्यातल्या तिघांनी नवा पोप निवडला. ते ओझं त्या बिचाऱ्याने सहा वर्षं वाहिलं आणि मग स्वतःहून उतरवलं."

"आणि म्हातारा? चूक होता?"

"ते मला माहीत नाही. एकटा होता, हे माहीत आहे."

ते ऐकूनही मी आणखी चार शिमगे पालखी काढली. गेल्या वर्षी माझ्याकडे तीन घरं उरली. परवा सुदेशला पालखीचं विचारलं. तो म्हणाला, "पप्पा, आय डोन्ट इव्हन नो दोज पीपल." रागावलो नाही. भांडण वारशाने द्यायचं म्हणजे पोराला आपल्या किल्ल्यात कोंडायचं. सुदेशला माझी गाडी द्यावी. मान देऊ नये.

४. चांदीचे मुखवटे देवळाला. पहिला खांदा तुकारामाचा आणि त्याच्यामागे त्याच्या घराचा.

हे लिहून काल तुकारामाला फोन केला. सोळा वर्षांनी. कलम वाचून दाखवलं. ऐकून तो म्हणाला,

"सुऱ्या, तुझा हक्क होता रे. मला तेव्हाही माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू भांडायला लागलास. मग मीपण भांडलो." मग खेकसला, "आणि हे मेल्यावर कशाला देतोस? जित्याने दे. ऑपरेशन आटप आणि ये. बरा झालास की खांदा दोघं देऊ, आलटून पालटून."

म्हणून कलम चार माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून लागू. वकील म्हणतील, मृत्युपत्रात असं बसत नाही. न बसू दे.

सही: सूर्यकांत भिकाजी कोंडसकर

साक्षीदार: १. याकूब मुकादम, रत्नागिरी. सूर्यकांतने माझ्यादेखत सही केली. सही करताना रडला, पण सही स्पष्ट आहे.
२. अन्वर हमदुल्ला काझी, करामा, दुबई. मीही पाहिलं. गावचं तिकीट मी काढतो म्हणालो, इन्शाल्ला.

रास अल खैमा, ६ मार्च २००३. शिमग्याला बारा दिवस.