किंचित मचूळ

आप्पा, सगळ्यात आधी आली ती मुलाची मावशी. चारची वेळ दिली होती आणि ही बाई जेवणं आटोपायच्या आत दारात. मी लगेच ओळखलं, हिला घर आवरायच्या आधी बघायचंय. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, म्हणून राग काही आला नाही. सूनबाई मोरीत पातेली घासत होती, नात न्हाऊन गच्चीवर केस वाळवत होती आणि मी पाय पसरून लसूण सोलत बसलेली. मावशी देवळ्याकडची, घरचा कांदा, पिशवीत कांदेच घेऊन आली. पिशवी माझ्यापुढं ठेवली, शेजारी बसली आणि लसणाचा गड्डा उचलून सोलायलाही लागली. "पोरगी सभावाला कशी हाय?" म्हणाली. मी म्हटलं, "माझ्यासारखी." "मग अवघड हाय," म्हणाली, आणि आम्ही दोघी अशा हसलो की सूनबाई हात न धुताच बाहेर डोकावली.

कोणत्या नातीचं म्हणाल तर थोरलीचं, तुमच्या पणतीचं. तुमच्या खांद्यावर बसून निफाडच्या मळ्यात पेरू तोडायची ना, तीच. आता नर्स झाली आहे. पांढरी साडी नेसून सायकलवर दवाखान्यात जाते, गल्लीतल्या अर्ध्या पोरांना तिनंच सुया टोचल्यात, ती पोरं तिला बघितली की घरात पळतात. तुम्ही बघायला हवं होतं. पण तुम्ही दुष्काळाच्या साली गेलात. मळ्यातली विहीर तळाला लागलेली आणि टँकरचं पाणी चालू होतं. मी चमच्यानं पाजत होते, तर तुम्ही ते पाणी तोंडात धरून ठेवलंत आणि विचारलंत, "हे कोणत्या विहिरीचं?"  ते टँकरवाल्यालाही सांगता आलं नसतं.

पाण्याचंच बोलायचं आहे, म्हणून तर लिहायला बसले. पण आधी मुलाचं सांगते. मुलगा बरोबर चारला आला. उंच, किडकिडीत, उन्हानं रापलेला. आईबाप लहानपणीच गेले, या मावशीनंच वाढवला. तो हवामान खात्यात आहे, आणि काम काय, तर सरकारी फुगा सोडायचा. खोटं नाही सांगत. एवढा मोठा फुगा गॅसनं भरायचा, त्याला यंत्र बांधायचं आणि आकाशात सोडायचा. मी विचारलं, "मग तो खाली येतो का?" तो म्हणाला, "फुटतो वरती. समुद्रात पडतो." मी म्हटलं, "म्हणजे रोज सरकारचा एक फुगा बुडवतोस, आणि वर पगार घेतोस." तो लाजून हसला. बरा वाटला मला. हसताना हात तोंडावर नेत नाही, आणि पोहे खाताना मिरच्या ताटलीच्या कडेला ओळीनं लावून ठेवतो.

नोकरी मात्र लक्षद्वीपला. नातीनं शाळेतला जुना नकाशा आणून दाखवला. मला आधी वाटलं कागदावर माश्या बसून गेल्यात. केरळच्या पलीकडं भर समुद्रात बारीक बारीक ठिपके, ती बेटं. कोचीनहून बोटीत बसायचं, एक रात्र आणि वर काही तास. बोट बेटाला लागत नाही म्हणे. बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे, त्याच्या आत उथळ निळं पाणी, त्यात मोठी बोट शिरत नाही. मग बाहेरच लाटांवर हलणाऱ्या बोटीतून छोट्या होडीत उतरायचं. "बायका कशा उतरतात?" सूनबाईनं विचारलं. "तिथल्या म्हाताऱ्या पोराला काखोटीला मारून उतरतात," तो म्हणाला. डोंगर नाही, नदी नाही, ओढा नाही. या काठावरून निघालं की चहा निवायच्या आत त्या काठाला. नुसते नारळ आणि मासे. तांदूळ बोटीनं, रॉकेल बोटीनं, काडेपेटीसुद्धा बोटीनं. साप नाहीत, आणि कुत्री पण नाहीत. कुत्र्याशिवाय गाव कसं असेल याचा मी अजून विचार करते आहे. परकं माणूस आलं तर सांगणार कोण?

त्याला मी सगळं खोदखोदून विचारलं, तुमचीच मुलगी आहे ना मी. "तिथला आमदार कोण?" म्हटलं. तर आमदारच नाही. दिल्लीहून एक मोठे साहेब नेमतात, प्रशासक म्हणतात, ते सगळं बघतात. निवडणूक एका खासदाराची तेवढी होते. "मग नळ बिघडला तर कोणाच्या दारात जाऊन बसायचं?" "नळ नाहीत आजी," तो म्हणाला. जमीन आपल्याला विकत मिळत नाही, ती तिथल्याच लोकांची, आणि बाहेरच्या माणसाला बेटावर जायचं तर परवाना लागतो. मावशीला वाटलं मी नाराज झाले. मला उलट ते आवडलं. आमच्या पेठकडच्या डोंगरातल्या लोकांसाठी असा परवाना कोणी काढला असता तर त्यांच्या जमिनी राहिल्या असत्या.

आणि माणसं म्हणाल तर सगळी मुसलमान, बोलायला मल्याळीसारखं काहीतरी. पण मजा ऐका. घरं तिथं बायकांची. मुलगी लग्न करून जातच नाही कुठं, आईच्याच घरी राहते, पोरं आईच्या घराचं नाव लावतात. जुन्या चालीनं नवरा संध्याकाळी जेवून सासुरवाडीला यायचा आणि सकाळी आपल्या आईकडं परत. मावशी म्हणाली, "लय भारी हाय. माझा नवरा असा गेला असता तर मी काय रोखलं नसतं." सूनबाई माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावून हसली. मी न बघितल्यासारखं केलं.

मग मी विचारलं, आप्पा. तुम्ही विचारायचात तसंच. "तिथल्या विहिरीचं पाणी कसं आहे?"

"ग्वाड हाय, एकदम ग्वाड," मावशी लगेच म्हणाली. "नाही मावशी," मुलगा म्हणाला, "किंचित मचूळ आहे." मावशीनं त्याच्या मांडीला चिमटा काढलेला मी बघितला. पण तो सांगत गेला. तिथं पावसाचं गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगतं, दुधावर साय धरावी तसं. हातानं, हळूहळू काढायचं. घाईनं उपसलं की खालचं खारं वर येतं आणि विहीर बिघडते. उन्हाळ्यात मचूळपणा वाढतो. "पहिला महिना त्रास होतो," म्हणाला, "नंतर इथलं पाणी बेचव लागतं." तेव्हा मी दुसरं विचारलं, "आणि पावसाळ्यात वाट?" तो म्हणाला, "ज्येष्ठापासून पुढं बोट कधी येते, कधी येत नाही. आली तरी कधी कधी माणसं उतरवता येत नाहीत, तशीच परत जाते."

पोह्यांची ताटली माझ्या हातात होती, ती मी खाली ठेवली. माझी थोरली बहीण, आपली आक्का, माझ्यासमोर उभी राहिली.

आक्कासाठी स्थळ बघायला पेठच्या पलीकडं तुम्ही गेलात तेव्हा मी झग्यातली पोर होते. परत आलात ते इतके खूश. त्यांच्या घरी चहा नको म्हणालात, आधी विहिरीवर नेलंत त्यांनाच, स्वतः पोहरा सोडलात, ओंजळीनं प्यालात. "असं पाणी आपल्या निफाडात नाही," आईला सांगत होतात. ज्या घरचं पाणी गोड तिथली माणसं गोड, असं तुमचं होतं. पाण्यावर भुलून तुम्ही आक्का दिलीत. माणसं वाईट नव्हतीच ती. श्रावणात तिची बाळंतपणाची वेळ आली आणि मधला नाला फुगला. सुईण अलीकडच्या गावात, आक्का पलीकडं. तिचा दीर पलीकडच्या काठावर उभा राहून ओरडत होता आणि सुईण या काठावर बसून होती, एवढंच लोकांनी सांगितलं. पाणी उतरलं तेव्हा सुईणीचं काम उरलं नव्हतं.

नंतर एकदा आई भाकरी थापत होती, तुम्ही चुलीपाशी जेवत होतात आणि मी काय बोलावं? मी म्हटलं, "पण आप्पा, पाणी तर गोड होतं ना." तुम्ही ताटावरून उठलात. हात उचललात, मारलं नाहीत. "पुन्हा पाण्याचं नाव काढशील तर बघ," एवढंच म्हणालात. मी तर काढलं नाहीच, पण तुम्हीही त्या शेवटच्या घोटापर्यंत काढलं नाहीत. त्या स्वयंपाकघरात तुम्ही परत कधी पाणी मागितलं नाही. नुसतं माठाकडं बोट दाखवायचात आणि आई भरून द्यायची.

तर मी ताटली ठेवलेली बघून मावशीनं सावरून घेतलं. "अवो, कायमचं थोडंच हाय तिथं? बदली व्हईल. उद्या नाशकात नायतर पुण्याला." आणि हा शहाणा म्हणतो कसा, "आजी, बदली दोनदा आली होती. मीच नको म्हणालो." मावशीनं कपाळाला हात लावला. माझा मुलगा पुढं सरकून म्हणाला, "का नको?" तेव्हा त्यानं सांगितलं की कोळी समुद्रात जायच्या आधी त्याच्या ऑफिसाच्या ओट्यावर येऊन बसतात. वारं कसं आहे विचारतात. आता त्यांची भाषा त्याला येते, कोण म्हातारा किती घाबरट आणि कोणता तरणा किती आगाऊ हे ठाऊक झालंय, कोणाला किती दटावून सांगायचं ते समजतं. "नवीन माणूस सांगेल बरोबरच," म्हणाला, "पण त्याचं ऐकतील का, माहीत नाही." एवढं बोलून त्यानं नातीकडं बघितलं. पहिल्यांदाच. ती खाली बघत नव्हती.

ते गेल्यावर माझा मुलगा म्हणाला, "आई, तू हो म्हण नाहीतर नाही म्हण, मी त्यात पडत नाही," आणि चप्पल घालून नदीच्या घाटाकडं निघून गेला. नात कपबशा विसळत होती. मी तिला आक्काचं सांगितलं. घरात कोणाला सांगितलेलं नव्हतं मी कधी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं पाठ ठेवूनच म्हणाली, "आजी, तेव्हा सुईण नाल्याच्या पलीकडंच राहत असती, तर?" मी म्हटलं, "तर काय?" "तर नाला किती का फुगेना," म्हणाली. "त्या बेटावर दवाखाना आहे. नर्स कमी पडतात म्हणाला तो. मी तिकडच्या काठावर असेन."

तेव्हा मला आठवलं, आप्पा. इतकी वर्षं कुठं गेलं होतं कोण जाणे. माझ्या वेळी तुम्ही पंचवटीत हे घर बघायला आलात, तेव्हा विहिरीकडं बघितलंसुद्धा नाहीत. ओसरीवर बसल्या बसल्या विचारलंत, "पावसाळ्यात वाट बंद होते का?" सासरे हसले. म्हणाले, "गोदावरीला पूर आला की पूल बुडतो, मग नाशकात जाता येत नाही." सगळ्यांना वाटलं मोडलं आता. तुम्ही उठला नाहीत, विचारलंत, "या काठाला सुईण राहते का?" सासूबाई आतूनच म्हणाल्या, "समोरच्या गल्लीत." त्यावर तुम्ही मला इथं दिलीत. सासरी निघताना मला एक तांब्या दिलात आणि म्हणालात, "पहिलं पाणी यात भर." चव कशी लागते ते सांग, असं काही म्हणाला नाहीत.

म्हणजे तुम्ही हे सुईणीचं विचारलं असतंत तर आमची नात तुमच्या परीक्षेत पास झाली असती, हे मला दिसतंय. मुलगाही खोटं बोलणारा नाही, आणि पाणी मचूळ आहे म्हणून सांगणारा जावई मला हजारांतून उचलायला सांगितला तर मी हाच उचलीन. तरी मला हो म्हणवत नाही. ती त्या काठावर सगळ्यांची बाळंतपणं करील. पण तिची वेळ येईल आणि बोट बाहेरच्या बाहेर परत जाईल, तेव्हा तिच्याजवळ कोण? हे मी तिला विचारलं नाही. तिच्या डोक्यात ते आलं असणारच, नर्स आहे ती. तिनंही मला सांगितलं नाही. दोन दिवस आम्ही दोघी एकमेकींशी फार गोड बोलतोय.

पत्र कुठं टाकणार, गव्हाच्या डब्याखाली ठेवीन. एक तेवढं तुम्हाला सांगते. आज दुपारी सूनबाई दळणाला गेली होती, नात दवाखान्यात. मी तुमच्या तांब्यात नळाचं पाणी घेतलं, त्यात चिमटीनं मीठ टाकलं, बोटानं हलवलं आणि भिंतीला टेकून बसले. पहिला घोट थुंकून टाकावासा वाटला. मग हळूहळू पीत गेले, त्यानं विहिरीचं सांगितलं होतं तसं, घाई न करता. तांब्या रिकामा झाला तरी हो म्हणायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. ती मंडळी उत्तर घ्यायला रविवारी येतो म्हणालीत. मुलगा चारला येईल. मावशी म्हणाली, "मी आधीच येईन, लसूण ठेवा."