थर्मासातलं गरम पाणी

श्रीरामपूर, मंगळवार संध्याकाळ

आज फार थकले. गळ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांच्या तालमीला गेले, आणि जाताना सवयीने गरम पाण्याचा थर्मास भरून नेला. इतकी वर्षं गाण्याआधी घसा शेकायला न्यायचे, तसाच. आता गळ्यातून नुसता घोगरा आवाज निघतो. गायचंच नाही, तर थर्मास कशाला घेतला मी?

मागच्या बाकावर बसले. गायनमंडळ सोडते, एवढं सांगून निघायचं होतं. तेवढ्यात आमच्या गायनमंडळातल्या शांतामावशी शेजारी येऊन टेकल्या.

"पोरी कशा गात्यात?"

"चांगल्या."

"देवाच्या घरात खोटं बोलू नको. कोन बेसूर हाय?"

"ती खिडकीजवळची. आणि तुम्ही तर कायमच."

मावशी हसल्या. "माजं मला ठाऊक हाय. पन त्या पोरीला कोन सांगनार? आवाज गेला तुजा, कान तर हाईत ना?"

मग उठून पुढे गेले. काही ठरवलं नव्हतं, तरी हात वर झाला आणि पोरी माझ्या बोटांकडे बघून गायला लागल्या. बरं वाटलं का? नक्की सांगता येत नाही. इतकी वर्षं मी एकटीने गायचे ती ओळ दुसरीने उचलली, तेव्हा माझे ओठ नुसतेच हलले. पण खिडकीजवळची ती शेवटी सुरात आली, आणि ते सगळ्यांच्या आधी मला कळलं.

गुरुवारी पुन्हा तालीम. थर्मास धुऊन पालथा घातलाय. खिडकीजवळच्या त्या पोरीचा घसा बसलाय, गरम पाणी तिला लागेल.