एकावन्नच्या शिरगणतीतली तू

आई, गेल्या महिन्यात मी तुझं नाव शोधायला कलेक्टर कचेरीत गेले होते. तुला जाऊन वीस वर्षं होत आली. तुझा एकही फोटो नाही. रेशनकार्ड बाबांच्या नावावर होतं, चाळीतली खोलीही त्यांच्याच नावावर, आणि विडी कारखान्यात तुझा नुसता अंगठा. एकावन्नच्या शिरगणतीत मात्र तुझं नाव लिहिलं गेलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर लिहिलं गेलं. तो कागद एकदा बघायचा, एवढंच ठरवून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. रविवारची सकाळ आहे. तू दाराशी उजेडात बसली आहेस, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. आत बाबा खोकत आहेत. मिलमधून त्यांना काढून दोन वर्षं झाली होती आणि घर तुझ्या विड्यांवर चाललं होतं. माझी फीसुद्धा. मी खिडकीतून पाहते तर आमच्या शाळेतले गणिताचे मास्तर काखेत शिरगणतीच्या कागदांचा गठ्ठा घेऊन शेजारच्या खोलीतून बाहेर पडतायत. वर्गात मी कुणाला सांगितलं नव्हतं की माझी आई विड्या वळते. मी तुझ्या मांडीवरचं सूप ओढलं आणि पायानं खाटेखाली सारलं. तू पदर डोक्यावर घेतलास आणि उठून भिंतीला टेकून उभी राहिलीस.

मास्तरांनी तुला घरधन्याचं नाव विचारलं. तू नवऱ्याचं नाव कसं घेणार? खाली बघत हसलीस आणि माझ्याकडे बोट केलंस. मास्तर म्हणाले, "बरं, तू सांग. हुशार आहेस." मग सगळी उत्तरं मीच दिली. बाबांचं नाव सांगितलं, बाबा मिलमध्ये आहेत असं म्हटलं. तुझं नाव, तुझं वय अंदाजानं.

"आणि आई काय काम करते?"

"काही नाही. घरीच असते."

"कमावत नाही?"

"नाही."

त्यांनी एकदा खाटेकडे पाहिलं. निदान मला तसं वाटलं. मग मान खाली घालून लिहिलं. काय लिहिलं ते मला उलट्या बाजूनं वाचता आलं नाही.

ते गेल्यावर तू खाटेखालून सूप काढलंस. माझा पाय लागला होता म्हणून ते कपाळाला लावलंस आणि परत दाराशी बसलीस. कात्रीनं पानं कापायला घेतलीस. मग मान वर न करता म्हणालीस, "मास्तर लई शिकल्यालं हायत की. त्यास्नी तंबाकूचा वास आला न्हाय व्हय?" मी पुस्तक उघडून बसले. तू पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस. मास्तर त्या वर्षीच बदलून गेले. पुढच्या तीन वर्षांत आधी बाबा गेले आणि मग त्याच खोकल्यानं तू.

कचेरीतले कारकून वयस्कर होते, बोलायला बरे होते. मी अर्ज पुढे केला. त्यांनी वाचला, चष्मा काढला.

"बाई, तुम्ही सरकारी नोकरीत ना? मग एवढं ठाऊक नाही? शिरगणतीचा कागद कुणाला दाखवत नाहीत. कोर्टानं मागितला तरी नाही."

"माझ्या आईचाच आहे. ती आता नाही."

"कायदा मेलेल्यालाही तोच. परदेशात म्हणे शंभर वर्षांनी बघू देतात. इथं कुठं? आकडे काढले की कागदांचं काम संपलं. कधीच रद्दी झाली असेल त्याची." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कशाला हवा होता? वारसाचं काही आहे का?"

"हो," मी म्हटलं. ते खोटं होतं.

त्यांनी कपाटातून जिल्ह्याचं छापील पुस्तक काढून दिलं. "हे बघा. हे सगळ्यांना खुलं आहे." मी बाकावर बसून सोलापूर शहराचं पान काढलं. न कमावणाऱ्या बायकांचा रकाना होता. मोठा आकडा होता. मी बोट ठेवून तो दोनदा वाचला. माझं ऐकून लिहिलं असेल तर त्या आकड्यात एक बाई जास्त आहे, आणि ती तू आहेस. हे जगात मला एकटीला माहीत.

"सापडलं का?" कारकुनांनी लांबून विचारलं.

"यात नावं नाहीत."

"नावं कशी असतील? चहा घेणार?"

मी चहा घेतला. रजा उरली होती तरी ऑफिसात परत गेले.

आई, मी कचेरीत खोटं बोलले तसं घरीही बोलले. यांना म्हटलं, आईचं नाव एकदा बघायचं होतं. नावासाठी मी गेलेच नव्हते. मास्तरांनी माझं ऐकलं की त्यांच्या नाकाचं, तेवढंच मला बघायचं होतं. त्यांनी तुझ्या नावापुढे विडी कामगार लिहिलं असतं, तर माझं खोटं त्याच सकाळी खोडलं गेलं असतं आणि मी सुटले असते. आता ते कधीच कळणार नाही. माझ्या तोंडचं खोटं तेवढं राहिलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते मला कळतं. पण तू असतीस तरी मी ते तुला दिलं नसतं. तुला वाचता येत नव्हतं. मलाच समोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते माझ्याच्यानं झालं नसतं.