जीपखालचा कोरडा पेपर

रविवार, १४ नोव्हेंबर १९९९

आज जीप गळली नाही. बाबा म्हणाले होते, "आता रेडिएटर गळला ना, तर सरळ भंगारात देतो." आता नाही देणार. आय होप.

मागच्या वेळी मीच माती खाल्ली. रेडिएटरच्या रबरी पाइपला मोठी क्लिप घेतली, आवळत बसलो आणि पाइप एका बाजूला दुमडला. आज पाइपच द्वारका चौकातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात नेला, मापाची क्लिप आणली. रेडिएटरच्या तोटीच्या उंच कडेच्या मागे बसवली, बेतानं आवळली. इंजिन तापून गार झाल्यावर परत थोडी. दादाची मेथड.

पण हे दोघांचं काम आहे यार. दादा सीटवर बसून रेस द्यायचा, मी खाली वाकायचो. वरून ओरडायचा, "बघ रे बारक्या, मुततेय का?" तो बंगलोरला गेला, मग आज मी खाली पेपर पसरला. रेस दिली, उतरलो, पेपर बघितला. परत चढलो, परत रेस, परत पेपर. कोरडा!

"नाही रे दादा, एक थेंब नाही!" सवयीनं जोरात ओरडलो.

मग इंजिन बंद करायलाही मलाच वर चढावं लागलं.